पाण्याचा ड्रम कुठे ठेवावा

कडुनिंबाखाली आल्यावर गिरजाबाई थांबल्या. त्यांनी नातीचं मनगट धरलं आणि तिला एक पाऊल मागे ओढलं. मुलीने चपला काढून ठेवल्या होत्या. उजवा पाय पुढे केला होता. माझ्या हातात पाण्याने भरलेला लोटा होता.

"काहून वो बाई," गिरजाबाई म्हणाल्या, "मयतीतून आनलं काय आमाले?"

मला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. मी हसलेसुद्धा. मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या लोकांचे चेहरे पाहिले. कुणी हसत नव्हतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती शाळेत पर्यवेक्षक आहे. पर्यवेक्षक म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालची जागा. वेळापत्रक, गैरहजर शिक्षकांचे तास आणि नवे प्रवेश, एवढं माझ्याकडे असतं. मराठी शिकवते. ग्रंथालयाच्या किल्ल्याही माझ्याकडेच आहेत. आमची शाळा ख्रिस्ती असली तरी वर्गात ख्रिस्ती मुलं मोजकीच. बाकी सगळी आजूबाजूच्या गावांतली, हिंदू शेतकऱ्यांच्या घरची आणि बौद्ध घरांतली.

शाळेत एक जुनी पद्धत आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी नवी मुलं आपल्या घरच्यांबरोबर येतात. शिक्षक त्यांच्या पायांवर पाणी घालतात आणि मग सगळे प्रार्थनेच्या हॉलमध्ये जातात. ही पद्धत फार पूर्वीच्या एका मिशनरी बाईंनी सुरू केली. प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची आठवण म्हणून. गावच्या लोकांना हे सांगावंच लागलं नाही. दारात आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, हे त्यांच्याकडे होतंच. दोन्ही अर्थ एकाच लोट्यात मावत होते. त्यामुळे इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नाही.

पाण्याचा ड्रम नेहमी फाटकाशी असायचा. यंदा फाटकाजवळ पाइपलाइनसाठी खोदलं होतं. शिवाय तिथे सावली नाही. आमच्याकडे जूनच्या शेवटीसुद्धा ऊन उतरलेलं नसतं, आणि मागच्या वर्षी रांगेत एक लहान मुलगी चक्कर येऊन खाली बसली होती. म्हणून मी जागा बदलायचं ठरवलं. आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. फाटक, वाट, हॉल, आणि बाण. हॉलच्या अलीकडे कडुनिंबाचं मोठं झाड आहे. झाडाखाली नळ आहे. दाट सावली आहे. कागदावर ती जागा उत्तम होती.

फाटकापासून त्या झाडाकडे येणारी वाट आमच्या दफनभूमीच्या कडेने येते.

हे नीट सांगायला हवं. शाळा, चर्च आणि दफनभूमी एकाच जुन्या आवारात आहेत. मधे एक भिंत होती. ती मागच्या पावसाळ्यात पडली आणि बांधायची राहिली. जुन्या कबरींचं कुणाला काही वाटत नाही. त्यांच्यावर गवत असतं, दगड असतात, बागेसारखं दिसतं. पण वाटेला लागूनच एक नवी कबर होती. मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. पक्कं बांधकाम लगेच करत नाहीत. एक पावसाळा जाऊ देतात, माती बसली की मग करतात.

ती कबर माझ्या नवऱ्याची. ते याच शाळेत पीटी शिकवत. मार्चमध्ये, परीक्षा चालू असताना, गेले.

शाळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी हेडसर माझ्या टेबलाशी आले. ते माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत. बराच वेळ त्यांनी हजेरीपट चाळला.

"मॅडम, एक बोलायचं होतं. कसं बोलू कळत नाही."

"बोला ना सर."

"खेड्यातले लोक येतात. पहिल्यांदाच येतात. भिंत नाही. ते... समोरच दिसतं. एका दिवसापुरती हिरवी जाळी लावली तर? तुम्हाला वाईट वाटणार असेल तर राहू द्या."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. जाळी मी स्वतः बांधली. शिपाई गजानन एक टोक धरून होता, मी दुसरं. चार बांबू, नारळाची दोरी. गाठी मी घट्ट मारल्या. काम म्हणून केलं आणि ऑफिसात येऊन वर्गयाद्या लिहायला बसले.

पहिल्या दिवशी सकाळी करडी गावाकडची सहा कुटुंबं एकाच काळीपिवळीतून आली. काळीपिवळी म्हणजे आमच्याकडची भाड्याची जीप. या सहाही घरच्या मुली पाचवीत आल्या होत्या. सगळ्यांत पुढे मंगला, तिची मुलगी आरोही आणि सासू गिरजाबाई. मंगलाला मी मे महिन्यापासून ओळखत होते. प्रवेशासाठी ती तीनदा आली होती, दर वेळी एसटीने, एकटी. गिरजाबाईंचं म्हणणं, पोरीला लाखांदूरला मावशीकडे ठेवावं, तिथे शिकेल. मंगलाला दहा वर्षांची मुलगी दूर पाठवायची नव्हती. आमच्या शाळेची गाडी करडीपर्यंत जाते. सकाळी गेलेली मुलगी संध्याकाळी घरी येणार होती. बाकीच्या पाच घरांनी मंगलाकडे पाहून नावं घातली होती.

आणि आता गिरजाबाई मुलीचं मनगट सोडत नव्हत्या.

"आजी, हे स्वागताचं पाणी आहे," मी म्हटलं. "दरवर्षी असतं."

"मले नोका शिकवू. मातीच्या बाजूनं आनलं. कडूनिंबाखाली उभं केलं. अन् आता पाय धुवा म्हनता. हे कायचं सवागत हाय? मयतीवरून आल्यावर मानूस हेच करते."

"आई, चुप राहा न," मंगला हळूच म्हणाली.

"तू चुप. कडूनिंबाचा पाला बी देऊन द्या म्हनावं हातात, म्हंजे झालं पुरं!"

मी लोटा खाली केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आमच्याकडे मयतीहून परतलेला माणूस घरात शिरण्याआधी पाय धुतो. कडुनिंबाचं पान तोंडात धरतो. हिंदूंकडे आहे, आमच्या ख्रिस्ती घरांतही पुष्कळ ठिकाणी राहिलं आहे. मार्चमध्ये दफनविधी झाल्यावर मी याच झाडाखाली, याच नळावर पाय धुतले होते. माझ्या नणंदेने पाणी घातलं होतं. त्यानंतर उन्हाळाभर ऑफिस सुरू होतं. रोज काम संपलं की मी कबरीशी जायची, थोडा वेळ बसायची, येताना या नळावर पाय धुवायची आणि पर्स घेऊन घरी जायची. तीन महिने. नकाशा काढताना ड्रमसाठी जागा शोधली, तेव्हा हात आपोआप या झाडावर गेला. पाय धुण्याची जागा म्हणजे ही, असं माझ्या मनात पक्कं झालं होतं. सावली आणि नळ ही कारणं मी नंतर लिहिली.

मी हे तिथे उभी राहून कुणाला सांगणार?

"अन् त्या जाळीमागं काय झाकून ठेवलं?" गिरजाबाईंनी विचारलं. "नवी माती हाय. जाळीतून दिसून राहिली. कोन गेलं? शाळेतलं पोरगं गेलं काय?"

हा प्रश्न मागच्या रांगेत पोचायला वेळ लागला नाही. "पोरगं गेलं म्हनते." "कवा?" "म्हून झाकलं." एका बाईने आपल्या मुलीच्या चपला उचलल्या आणि पुन्हा तिच्या पायात घातल्या. काळीपिवळीचा ड्रायव्हर फाटकाजवळून पाहत होता. एक कुटुंब वळलं असतं तर सहाही वळली असती, कारण गाडी एकच होती.

"नाही," मी म्हटलं. "माझे मिस्टर आहेत."

गिरजाबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कवा गेले?"

"मार्चमध्ये."

"मंग झाकलं काहून? आपल्या मानसाले कोनी असं झाकते काय?"

हेडसर हॉलमधून घाईघाईने येत होते, ते अंतरावरच थांबले. मी लोटा ड्रमवर ठेवला आणि जाळीकडे गेले. गाठी सुटेनात. माझ्याच गाठी. गजाननने विळा आणून दोरी कापली. जाळी खाली पडली. मातीचा उंचवटा, क्रूस, त्यावर काळ्या रंगात लिहिलेलं नाव. मी काल ठेवलेली कण्हेरीची फुलं वाळली होती.

गिरजाबाईंनी तिथूनच हात जोडले. मला वाटलं, निभावलं. पण त्या वळल्या आणि म्हणाल्या, "ते तुमचं झालं. पन पोरीचा पाय आज इथं नाई धुवाचा. पह्यला दिवस हाय तिचा. आमचा दाखला वापस द्या. लाखांदूरले धाडून देऊ."

दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आम्ही त्याला टी.सी. म्हणतो. आधीच्या शाळेने दिलेली टी.सी. आमच्याकडे जमा होते आणि मुलीचं नाव जनरल रजिस्टरमध्ये चढतं. हे शाळेचं मोठं रजिस्टर. त्यात एकदा नंबर पडला की ती मुलगी शाळेची. नवी नावं आम्ही पहिल्या दिवशी हॉलमधला कार्यक्रम झाल्यावर चढवतो. म्हणजे त्या घडीला आरोहीची टी.सी. माझ्या कपाटात होती आणि नाव कुठेच नव्हतं. त्या अडूनच बसल्या असत्या तर मला ती द्यावीच लागली असती.

मंगला माझ्याजवळ आली. तिने आवाज इतका बारीक केला की मला वाकावं लागलं.

"मॅडम, काही करा न. तिकडं गेली तर मले दिवाळीलेच दिसन."

आरोही एक चप्पल पुन्हा पायात घालून, दुसरा पाय अनवाणी अशी उभी होती. आजीकडे पाहत होती, आईकडे पाहत होती. रडत नव्हती.

या नोकरीत मी एक शिकले आहे. पालक रागावले की आपण समजावायला जातो, आणि समजावण्याने राग वाढतो. त्यांना विचारावं. मी विचारलं, "आजी, काय केलं तर चालेल?"

त्यांना हे अपेक्षित नसावं. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पह्यलेपासून या लागन. सडकेवर जाऊन वापस. अन् पानी फाटकावर, पाहुन्याले देतेत तसं. अन् ह्या बाजूनं नाई."

"स्वयंपाकघराकडून वाट आहे. सायकल स्टँडवरून हॉलच्या मागच्या दाराशी जाते."

"मंग तिकून."

हेडसर मला बाजूला घेऊन गेले. "मॅडम, हे असं मान्य करायचं? उद्या कुणी काहीही सांगेल. आपण मुलांना वर्गात काय शिकवतो?"

"सर, वर्गात आल्यावर शिकवू. त्या अजून दारात आहेत."

त्यांनी खिशातून मागच्या दाराची किल्ली काढून गजाननला दिली.

भरलेला ड्रम हलेना. अर्धं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं. मग गजानन, हेडसर आणि काळीपिवळीचा ड्रायव्हर, तिघांनी तो तळाच्या काठावर फिरवत फिरवत फाटकापर्यंत नेला. हेडसरांचा पांढरा शर्ट छातीपासून भिजला. ड्रायव्हर म्हणाला, "सर, तुमी ड्रम ढकलून राहिले, मंग आज शाळा मी चालवू काय?" करडीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या सकाळचं ते पहिलं हसू. खोदलेल्या नालीवर गजाननने दोन फळ्या टाकल्या.

सगळे परत रस्त्यावर गेले. सहा कुटुंबं, आणि त्यांच्यामागे आलेली बाकीचीही. काहींना कशासाठी ते माहीत नव्हतं. पुढचे जातात म्हणून तेही गेले. मी फाटकात लोटा घेऊन उभी राहिले.

गिरजाबाई सगळ्यांत आधी आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझ्या हातातला लोटा त्यांनी काढून घेतला. हिसकावला नाही. आजारी माणसाच्या हातातली जड वस्तू घ्यावी तसा घेतला.

"तुमी नोका देऊ."

मला समजायला एक क्षण लागला. समजल्यावर राग आला. मी हे मानत नाही. माझं चर्च मानत नाही. विधवेच्या हातात काही खोट असते असं कुणी वर्गात म्हटलं असतं तर मी तास थांबवून त्याच्याशी बोलले असते. तीस वर्षं या शाळेत मी मुलांच्या पायांवर पाणी घातलं. माझे शब्द ओठांवर आले होते.

"मी बी नाई देत," गिरजाबाई म्हणाल्या. "नात माई हाय, तरी नाई देत. आमचे बुढे गेले त्याले सात वर्सं झाले. चला, आपन दोघी इकडं उभ्या राहू."

त्यांनी लोटा हेडसरांच्या हातात दिला. माझा हात धरला आणि मला फाटकाच्या खांबाशी घेऊन गेल्या. मी गेले. का गेले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मुलीचा प्रवेश अडकला होता, हे एक कारण. पण तेवढंच नव्हतं. मार्चपासून मला सगळे जपत होते. माझ्यासमोर कुणी मिस्टरांचं नाव काढत नव्हतं. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं बदलायचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या जागेवरून हलवून आपल्या शेजारी उभं केलं होतं.

हेडसरांनी आयुष्यात कधी कुणाच्या पायांवर पाणी घातलं नसावं. ते दरवर्षी हॉलमध्ये भाषणाचा कागद घेऊन थांबलेले असत. आरोहीच्या पायांवर त्यांनी अख्खा लोटा एकदम ओतला. ती दचकली, मग हसली. मंगलाने तिचे पाय आपल्या पदराने पुसले. दोघी स्वयंपाकघराच्या वाटेने आत गेल्या.

आम्ही दोघी उन्हात उभ्या होतो. रांग मोठी होती.

"तुमचे मिस्टर काय करत होते?" गिरजाबाईंनी विचारलं.

"पीटी शिकवायचे."

"ते काय अस्ते?"

"कवायत. धावणं, कबड्डी."

"मंग पाय चांगले असन त्याईचे."

"हो," मी म्हटलं. "पाय चांगले होते."

"आमचे बुढे पऱ्हे पाहाले गेले बांधावर अन् तिथंच बसून गेले. मी डबा घेऊन गेली, तं मले वाटलं निजले." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, रोवणीआधी एका छोट्या वाफ्यात वाढवलेली. त्या पुढे म्हणाल्या, "डबा तसाच वापस आनला."

शेवटचं कुटुंब आत जाईपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो. मग त्या आपल्या आपण फाटकातून आत आल्या, ड्रममधलं उरलेलं पाणी ओंजळीने घेऊन स्वतःच्या पायांवर घातलं आणि मला म्हणाल्या, "आता तुमी बी घ्या, मंग चला."

प्रार्थनेला तासभर उशीर झाला. दुपारी मी जनरल रजिस्टर काढलं आणि करडीच्या सहाही मुलींची नावं चढवली. आरोहीचं पहिलं. मंगला खिडकीतून नंबर पडताना पाहून गेली. आत आली नाही.

पुढची कामं साधी होती. दफनभूमीची भिंत पुन्हा बांधायचं शाळा समितीने मान्य केलं. उंच असावी असं काहींचं म्हणणं होतं. मी कमरेइतकी मागितली आणि तेवढीच मिळाली. गिरजाबाईंना हेडसरांनी पालक सभेला दोनदा बोलावलं. त्या एकदा आल्या, खिचडी पातळ होते असं सांगून गेल्या. लोट्याचा प्रश्न सुटलेला नाही. पुढच्या वर्षी मी पाणी घालणार आहे, हे मी हेडसरांना सांगून ठेवलं आहे. गिरजाबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाहू." एवढ्यावर ते आहे.

पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमाच्या लेखी सूचना आमच्याकडे एका फाइलमध्ये असतात. काय चुकलं ते त्यात लिहून ठेवा, असं हेडसरांनी मला सांगितलं. मी ड्रमची जागा लिहिली, वाट लिहिली. शेवटी आणखी एक सूचना लिहिली आणि सही केली. नव्या लोकांची वाट आखायचं काम ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे, त्याला एकट्याला देऊ नये. तो कामात कुचराई करत नाही. फक्त तो आखतो ती वाट त्याची स्वतःची असते.